चौदा चामखिळी आणि तिसरा डोस

७ ऑगस्ट १९८३, रविवार. धार.

आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत. माझं चौथीपासूनचं शिक्षण देवासला हिंदीतून झालं. अण्णा म्हणतात, तुझं मराठी म्हणजे पोह्यांवर टाकलेली रबडी. अण्णा कराडहून कारखान्यात नोकरीला आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यात माझा काय दोष? तरी सुधारायचं ठरवलं आहे.

नोकरीला महिना झाला. तिरल्याच्या सरकारी दवाखान्यात हेल्थ एज्युकेटर. धारला खोली घेतली आहे, रोज बसनं जाते. लोकांना समजावणं माझं काम, टोचणं अलका सिस्टरचं. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा समजावणं मला जमणारच.

पहिलं काम गढी मोहल्ला. मराठ्यांची तीसेक घरं, संस्थानी दरबारच्या काळात आलेली. घरात मराठी, अंगणात माळवी. गेल्या हिवाळ्यात डांग्या खोकल्यानं तिथली दोन मुलं गेली. आज दोन वर्षांखालची बावीस मुलं आहेत. एकालाही ट्रिपलचं (डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात) इंजेक्शन दिलेलं नाही. महिन्याच्या अंतरानं तीन डोस हवेत, तिन्ही थंडीआधी. म्हणजे ऑक्टोबरअखेर बावीस मुलं, सहासष्ट डोस. अवघड काहीच नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार.

मोहल्ल्यात पहिली सभा. दोन दिवस खपून चार्ट काढला होता. जंतू लाल रंगात, शरीराचे शिपाई निळ्या रंगात. वीसेक बायका जमल्या. मी चार्टवर बोट ठेवून सांगत होते. सगळ्या चार्टकडे बघत होत्या. निदान मला तसं वाटत होतं.

मग सगुणाबाई बोलल्या. सत्तरीच्या असतील. मोहल्ल्यातल्या सगळ्या सुना त्यांच्याकडे बघूनच श्वास आत घेतात आणि बाहेर सोडतात. म्हणाल्या, "कां गो बाई, ते बोटांवर काय?"

उजव्या हाताला चामखिळी आहेत माझ्या. चौदा. इथं मस्से म्हणतात. अंगठ्याजवळची सगळ्यात मोठी, हरभऱ्याएवढी. मी म्हटलं, काही नाही, किरकोळ आहे.

"किरकोळ, तर मग बरं का नाही केलंस? स्वतःचा हात बरा करता येत नाही अन् आमच्या पोरांना बरं करायला निघालीस. हवऽ!"

हव म्हणजे इथलं हो. सगळ्या हसल्या. एक सून तर पदर तोंडात कोंबून हसली. मुलं आली शून्य.

परतताना अलका सिस्टर म्हणाल्या, "मैडम, चार्ट अच्छा था." त्यांच्या बोलण्यात तिरकसपणा आहे की नाही, हे अजून ठरवता आलेलं नाही.

१३ ऑगस्ट, शनिवार.

शांतपणे विचार केला. सगुणाबाईंचं म्हणणं अडाणी असलं तरी तर्क बरोबर आहे. हात स्वच्छ झाला की मोहल्ला माझा. तेव्हा आधी हात.

आजवरचे उपाय. आठवीत चुना आणि सोडा. कातडी जळाली, मस्से तसेच. अकरावीत शेजारच्या काकूंनी वांग्याची फोड घासून ती पुरायला सांगितलं. आईनं पुरली. तिथं वांग्याचं झाड आलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी इंदूरला विजेनं जाळले. नऊ होते, सगळे गेले. चार महिन्यांनी चौदा आले.

आता शास्त्रीय उपाय. धारला दर गुरुवारी इंदूरहून कातडीचे डॉक्टर येतात, डॉ. उमाशंकर. परदेशी मासिकं वाचतात म्हणे.

संकल्प: पुढच्या सभेपर्यंत हात रुमालात.

१८ ऑगस्ट, गुरुवार.

डॉक्टर उमाशंकर थोर माणूस आहेत. हात पाहिला आणि म्हणाले, जाळून उपयोग नाही, मुळात शरीर झोपलेलं आहे. मस्स्यांना ते शत्रू म्हणून ओळखतच नाही. म्हणून टी.बी.च्या लसीचा थोडा अंश थेट सगळ्यात मोठ्या मस्स्यात टोचायचा. तिथं शरीर खडबडून जागं होतं, लढायला येतं, आणि आलंच आहे तर बाकीच्यांनाही ओळखतं. एकालाच टोचायचं, चौदाही जातात! दर पंधरा दिवसांनी एक, अशी पाच-सहा.

मी भारावून गेले. हे तर समाजाचंच तत्त्व आहे. एकाला जाग आली की सगळे जागे. आमच्या घरात मला जाग आली, आता शरदही दहावी पास होईल. (तीन वेळा राहिला. पण माझं डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम होऊन भिंतीवर लागलं ते यंदा. त्याचा परिणाम व्हायला वेळ द्यायला हवा.)

डॉक्टर म्हणाले, "देखिए, नया इलाज है, गारंटी नहीं." विद्वान माणसं विनयानं असंच बोलतात.

पहिली टीका आजच घेतली. अंगठ्याजवळ. सुई आत गेली तेव्हा डोळ्यांपुढे चार्टवरचे लाल-निळे सगळे एकदम आले. मी रडले नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते वेगळं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार.

मोहल्ल्यात गेले. हात रुमालात. कुणाला काही कळलं नाही. मुलं शून्य.

कारण: शेतात निंदणी चालू आहे.

२० ऑगस्ट, शनिवार.

अंगठा सुजला. बारीक ताप. म्हणजे शरीर जागं होतंय! फार आनंद झाला. दिवसभर झोपून होते.

घरी पोस्टकार्ड टाकलं. मराठी इतकं चांगलं उतरलं की इथं नक्कल ठेवते:

"ती. अण्णांस सा. न. वि. वि. मी खुशाल आहे. इथले एक मोठे डॉक्टर आहेत. गुरुवारी त्यांनी माझ्या हातावर पहिली टीका केली. फार लागली. अंगठा सुजला आहे, ताप आहे. अजून पाच वेळा करणार आहेत. मी सहन करीन, कारण त्यातच माझं भलं आहे. काळजी नसावी. आपली जयवंती."

हिंदीचा एक शब्द नाही. अण्णा खूश होतील.

२८ ऑगस्ट, रविवार.

सूज उतरली. मस्से मोजले. चौदा. मात्र मोठा जरा उदास दिसतो.

१ सप्टेंबर, गुरुवार.

आजचा दिवस लिहू नये असं वाटत होतं. पण रोजनिशीत प्रामाणिक राहायचा संकल्प आहे.

दुसऱ्या टीकेसाठी डॉक्टरांकडे बसले होते. माझा नंबर आला, आत गेले, आणि मागून दार ढकलून अण्णा आत आले. हातात छत्री. पाऊस नव्हता. देवासहून पहाटेची बस पकडून, इंदूरला बस बदलून, माझ्या खोलीवरून पत्ता घेऊन आले होते. कारखान्यात खाडा करून. अण्णांनी तेरा वर्षांत कधी खाडा केला नाही.

त्यांनी मला मागे सारलं आणि डॉक्टरांना त्यांच्या हिंदीत विचारलं, "आप हमारे लडकी पर टीका क्यों किया?"

डॉक्टर म्हणाले, "क्यों मतलब? करना ही पड़ेगा. अभी तो एक ही किया है, पाँच और करूँगा."

"एक बार करके आपका समाधान नहीं हुआ?"

"एक बार से कहीं होता है, बाबूजी? बार-बार करो, तब असर होता है."

अण्णा ओरडले, "मैं इसका बाप हूँ! बाईस साल में मैंने एक बार भी नहीं किया!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं. "बचपन में भी नहीं? यह आपने बहुत गलत किया. बच्चों को तो कम से कम तीन बार करना चाहिए. रोते हैं, रोने दीजिए."

अण्णांनी छत्री उचलली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मध्ये पडून ओरडले, "अण्णा, टीका म्हणजे इंजेक्शन!"

अण्णा म्हणाले, "इंजेक्शन म्हणजे इंजेक्शन. टीका म्हणजे टीका."

बाहेरचे पेशंट दारात जमले होते. कंपाउंडरनं हिंदीत समजावलं, मी मराठीत समजावलं. शेवटी अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लस म्हण. लस म्हणतात त्याला. आई तीन दिवस जेवली नाही. शरद म्हणत होता, डॉक्टर फूटपट्टीनं बोटांवर मारत असेल."

मग अण्णांच्या डोळ्यांसमोर मला दुसरी लस टोचली. सुई आत गेली तेव्हा अण्णांनी माझा दुसरा हात इतका घट्ट धरला की सूज कुठल्या हाताला येणार तेच कळेना.

आईनं अण्णांबरोबर एक पुडी पाठवली होती. घोड्याच्या शेपटीचा केस. मस्स्याला बांधायचा म्हणे. मी ठामपणे सांगितलं की मी असल्या गोष्टी मानत नाही. अण्णा म्हणाले, "मीही मानत नाही. पण टांगेवाल्याची मिनतवारी करून आणलाय, ठेव."

२ सप्टेंबर, शुक्रवार.

अण्णा म्हणाले, आलोच आहे तर तुझं काम पाहतो. नको म्हणता आलं नाही. मोहल्ल्यात त्यांना ओट्यावर बसवलं आणि मी चार्ट लावायला गेले. हात रुमालात.

परत येऊन बघते तर अण्णा आणि सगुणाबाई चहा पीत बसलेले. आणि अण्णा सगळं सांगत होते! सगळं! "माझी पोर दर पंधरवड्याला बोटात सुई टोचून घेते हो. ताप येतो, एकटी खोलीत पडते. काल माझ्यासमोर टोचली, मला बघवेना. अन् ही दुसऱ्या दिवशी हजर इथं, तुमच्या पोरांसाठी. मी म्हटलं रजा काढ, तर म्हणते थंडी यायच्या आत व्हायला हवं."

तीन आठवडे लपवलेलं एका कप चहात गेलं. सगुणाबाई म्हणाल्या, "रुमाल सोड." सोडावा लागला. अंगठा टोमॅटोसारखा झाला होता. त्यांनी बराच वेळ पाहिला. सुनांना बोलावून दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मान खाली घालून सरळ चार्टकडे गेले आणि जंतूंवर बोलले. अपमान गिळून बोलले, म्हणून की काय, फार चांगलं झालं. कारण सगुणाबाई स्वतः नातवाला घेऊन पुढे आल्या. त्यामागे रांग लागली. बावीस! बावीसच्या बावीस! अलका सिस्टरना सुया दोनदा उकळाव्या लागल्या.

अण्णा नसते तर हे अधिक सोपं झालं असतं. तरी चार्टनं तारलं. लाल रंग गडद केला होता, त्याचा हा परिणाम.

४ सप्टेंबर, रविवार.

अण्णा काल परत गेले. जाताना म्हणाले, "सगुणाबाई बाई चांगली आहे. तिच्याशी बोलत जा, चार्टशी नको."

अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. जनसंपर्काचं शास्त्र त्यांना कसं कळणार?

१५ सप्टेंबर, गुरुवार.

तिसरी लस. मस्से चौदा. डाव्या हातावर एक नवीन असल्याचा भास होतो. तो मोजला नाही, कारण प्रयोग उजव्या हाताचा आहे.

डॉक्टर म्हणाले, काहींना फरक पडत नाही. कुणाबद्दल बोलत होते कोण जाणे.

२० सप्टेंबर, मंगळवार.

मोठ्या मस्स्याला घोड्याचा केस बांधला. फक्त खूण म्हणून. मोजताना गोंधळ होतो, कुठून सुरू केलं ते कळत नाही. दोरा बांधला असता, पण घरात पांढरा दोरा नव्हता.

(काळा होता. पण काळ्या दोऱ्याचा लोक वेगळा अर्थ काढतात.)

२९ सप्टेंबर, गुरुवार.

चौथी लस. केस पाहून डॉक्टरांनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, खूण आहे. म्हणाले, "हाँ, हाँ." पुढच्या वेळेपर्यंत काही फरक नाही तर थांबवू, असंही म्हणाले. मी त्यांना धीर दिला.

उद्या दुसरा डोस. मागच्या वेळेसारखी शोभा नको, म्हणून देवासहून येताना आणलेले अण्णांच्या कारखान्यातले सुती हातमोजे घालणार आहे. बायकांचं लक्ष विषयावर राहील.

३० सप्टेंबर, शुक्रवार.

सकाळी दहा ते दुपारी एक: मुलं शून्य.

कारणं: ऊन, सोयाबीन, कुणाकडे तरी पाहुणे. सगुणाबाईंनी दोनदा विचारलं, "मोजे कशाला?" मी म्हटलं, स्वच्छता. त्या "बरं" म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यांच्यामागे सगळी घरं आत गेली. अलका सिस्टर ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मैडम, मोजे उतारो. गर्मी लग रही होगी." मला खरोखर लागत होती, अंगठाही ठणकत होता, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

एक वाजता पाणी प्यायला मोजा काढला तर निघेना. अंगठा आत फुगून बसला होता. सगुणाबाईंच्या सुनेनं कात्रीनं कापून काढला. मी कळवळले. थोडीशी. सगुणाबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "काल घेतलीस?" मी मान हलवली. "कितवी?" चौथी. "अन् मस्से?" चौदा.

"तरी घेतेस?"

मी म्हटलं, घेते. विश्वास आहे माझा.

त्या नातवाला कडेवर घेऊन बाहेर आल्या.

दोन वाजेपर्यंत बावीस मुलं. दुसरा डोस पूर्ण! रडारड एवढी की गढीवरची कबुतरं उडाली.

विश्लेषण: सकाळच्या वेळी बायकांना फुरसत नसते. दीडनंतर असते. तिसऱ्या डोसची वेळ दीडची ठेवणे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार.

केस बांधलेला मस्सा बघता बघता काळा पडला.

११ ऑक्टोबर, मंगळवार.

गळून पडला! सकाळी तोंड धुताना. खाली पडलेला सापडला नाही, पण जागा रिकामी आहे. लस चढायला आठ आठवडे लागतात, हे मी पहिल्यापासून म्हणत होते. केसाचा संबंध नाही. केस त्याच्याबरोबरच गेला, हा योगायोग.

आईला कळवणार नाही. तिचा गैरसमज होईल.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.

पाचवी लस, दुसऱ्या मस्स्यात. बाकीचे तेरा चपटे होत चाललेत! डॉक्टर स्वतःच चकित झाले. मासिकाला कळवतो म्हणाले. मी विचारलं, शंभर टक्के लसीमुळे ना? म्हणाले, "मस्से कभी अपने आप भी चले जाते हैं. कौन जाने." किती हा विनय.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार.

सहा उरले.

२५ ऑक्टोबर, मंगळवार.

दोन. तेही फक्त उजेडात तिरकं धरलं तर.

२७ ऑक्टोबर, गुरुवार.

शून्य!

हात पुन्हा पुन्हा पाहिला. आठवीपासून हा हात मी पाठीमागे धरत आले. कॉलेजच्या ग्रुप फोटोत पाठीमागे. डिग्री घेतानासुद्धा डावा पुढे केला होता. आज डॉक्टरांशी शेकहँड केला. त्यांचाच हात घामट होता.

डॉक्टर म्हणाले, सहाव्याची गरज नाही. छुट्टी.

उद्या तिसरा डोस. बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या. उद्या चार्ट नको, मोजे नकोत, रुमाल नको. नुसता हात वर करीन. सगुणाबाईंनी पहिल्याच दिवशी मागितलेलं उत्तर.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार.

दीड वाजता हात वर केला.

सगुणाबाईंनी तो धरला. उलटा केला, सुलटा केला. बोटांवरून बोट फिरवलं. सगळ्या सुना जवळ आल्या. "गेले की गो!" म्हणाल्या. आनंद झाला त्यांना, खोटं कशाला लिहू? एकीनं माझी दृष्टही काढली. मग सगुणाबाईंनी विचारलं, "काल सुई घेतलीस?"

मी हसून म्हटलं, आता कशाला? बरी झाले.

"मग संपली?"

संपली.

त्यांनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "बरी झालीस म्हणून तू थांबलीस. आमची पोरं तर बरीच आहेत. आम्ही कशाला घ्यावी?"

मी पाऊण तास बोलले. चार्ट नसताना. तीन डोस का लागतात, दोन पुरे का नाहीत, खोकला थंडीत कसा येतो. सगळ्या ऐकत होत्या. चहा दिला. पोहेही दिले. मुलं शून्य.

निघताना एक सून अलका सिस्टरना म्हणत होती, "वा मस्सावाळी बेन घणी अच्छी थी. खुद भी सुई खाती थी."

मी मागे वळून म्हटलं, ती मस्सेवाली बहीण मीच आहे.

म्हणाली, "हव." पण तशी पटल्यासारखी नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार.

आकडे मांडले. २ सप्टेंबर: अंगठा सुजलेला, मुलं बावीस. ३० सप्टेंबर सकाळ: मोजे, शून्य. दुपार: मोजे कापले, बावीस. २८ ऑक्टोबर: हात स्वच्छ, शून्य.

तीन आकड्यांवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. चार असले तरी.

७ नोव्हेंबर, सोमवार. देवास.

दिवाळीला घरी. आईनं हात बघितला आणि पहिलं वाक्य, "केस बांधलास ना?" मी विषय बदलला. शरदला माझ्या फ्रेमबद्दल विचारलं. म्हणाला, ताई, तिच्यामागे पाल राहते.

अण्णांना मोहल्ल्याचं सांगितलं. म्हणाले, "कारखान्यात नवा साहेब आला की आम्ही त्याचं भाषण ऐकत नाही. तो भट्टीजवळ किती वेळ उभा राहतो ते बघतो."

मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज थंडी जाणवली. पलीकडच्या गावात दोन मुलांना खोकला सुरू झाल्याचं दवाखान्यात कळलं.

अलका सिस्टरनी उपाय सुचवला. मी सर्वांसमोर इंजेक्शन घ्यायचं. साध्या पाण्याचं. मी नकार दिला. फसवणूक मला मान्य नाही. धनुर्वाताचं खरं घेईन म्हटलं, माझं तसंही राहिलं होतं. ओट्यावर बसले, बाही वर केली, सर्वांना बोलावलं. अलका सिस्टरनी टोचलं. दुखलं. तोंडावर दिसेल असं पाहिलं.

सगुणाबाई म्हणाल्या, "ही दाखवायची सुई."

मी म्हटलं, खरी आहे! औषध खरं आहे, बाटली बघा.

"औषध खरं असंल गो. पण तेव्हा तू लपवत होतीस अन् आम्हाला दिसत होतं. आज तू दाखवतेस." आणि मग अगदी मायेनं, "खिचडी खाऊन जा. दमलीस."

मुलं शून्य. खिचडी चांगली होती.

परतताना बसमध्ये अलका सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जाओ मैडम. कहीं से एक मस्सा ले आओ." या वेळी तिरकसपणा नव्हता.

१४ नोव्हेंबर, सोमवार.

बालदिन. ऑफिसला रिपोर्ट पाठवला. "दोन डोस: शंभर टक्के. तिसरा: प्रगतिपथावर." वाक्य लिहिलं तेव्हा माझाच हात थांबला. दोन डोसनीही थोडं संरक्षण मिळतं, असं पुस्तकात आहे. थोडं म्हणजे किती, ते नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार.

डॉक्टर उमाशंकरांकडे गेले. सहावी लस द्या म्हटलं. कोर्स अपुरा राहायला नको.

म्हणाले, "किसमें लगाऊँ?"

मी हात पुढे केला. त्यांनी भिंग घेऊन शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. मग म्हणाले, मैडम, तीस वर्षांत लोक मस्से काढायला आले, मागायला कुणी आलं नाही. नुसत्या कातडीत द्या म्हटलं तर उठून उभे राहिले आणि कंपाउंडरला पुढचा पेशंट बोलवायला सांगितलं.

दारात विचारलं, परत येऊ शकतात ना? म्हणाले, येतात कधी कधी. गॅरंटी नाही.

२० नोव्हेंबर, रविवार.

हात तपासले. दोन्ही. शून्य.

२२ नोव्हेंबर, मंगळवार.

दवाखान्यात एक मुलगा आला होता, हातभर मस्से. त्याच्याशी शेकहँड केला. दोनदा. मुलांशी आपुलकीनं वागावं, हा माझा जुनाच संकल्प आहे.

२३ नोव्हेंबर, बुधवार.

शून्य. या रोगाला फुटायला महिने लागतात, असं पुस्तकात सापडलं. थंडी मात्र आलीच.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी सात.

पायऱ्या उतरताना डाव्या तळपायाला, अंगठ्याखाली, काहीतरी खडबडीत लागलं. दाबलं की दुखतं. काल नव्हतं, किंवा असेल, मी फक्त हात तपासत होते! तळपायाला होतात चामखिळी, डॉक्टरांच्या पुस्तकात चित्र आहे. आणि तळपायात सुई म्हणजे सगळ्यात जास्त दुखते म्हणतात. उत्तम! आठवडाभर लंगडत चालावं लागेल. लपवायचं म्हटलं तरी लपणार नाही. डॉक्टरांना आजच फोन करायचा, आणि अलका सिस्टरना निरोप, बावीस सुया उकळून ठेवा, पुढच्या शुक्रवारी दीड वाजता. बावीसच्या बावीस येतील.

मी देव मानत नाही. पण मघाशी सहज हात जोडले गेले.

आता बाहेर उन्हात नीट बघते.

साडेसात.

काटा होता. बाभळीचा. नखानंच निघाला. रक्तसुद्धा आलं नाही.